घरातले वायफाय शेजाऱ्यांना देताना आपण नेमके काय देतो?

ओंजळ

दोन महिन्यांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाचे इंटरनेट अचानक बंद पडले. त्यांच्या मुलीची ऑनलाइन परीक्षा दुसऱ्याच दिवशी होती, म्हणून मी फारसा विचार न करता आमच्या वायफायचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिला. आठवड्याभरात त्यांची जोडणी दुरुस्त झाली. चिठ्ठी मात्र त्यांच्याकडेच राहिली आणि तो विषय माझ्या मनातूनही गेला.

गेल्या रविवारी ती मुलगी खाली आली आणि जरा संकोचानेच म्हणाली, "काका, तुमच्या कॉम्प्युटरमधला 'बँक आणि विमा' नावाचा फोल्डर माझ्या लॅपटॉपवर दिसतो आहे. मी तो उघडलेला नाही, पण तुम्हाला सांगावेसे वाटले." लॅपटॉप तिने सोबतच आणला होता. पडद्यावर 'नेटवर्क' या शब्दाखाली आमच्या कॉम्प्युटरचे नाव होते आणि त्यावर टिचकी मारताच तो पिवळा फोल्डर समोर आला. पत्नीच्या लॅपटॉपवरून कागदपत्रे पाहता यावीत म्हणून तीन वर्षांपूर्वी मीच तो सर्वांसाठी खुला केला होता, आणि दर वेळी नाव व पासवर्ड विचारला जातो या कंटाळ्याने ती विचारणाही बंद करून टाकली होती.

त्यानंतर मला आणखी एक गोष्ट जाणवली आणि मी खरोखर अस्वस्थ झालो. वायफायचा पासवर्ड, राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड आणि कॉम्प्युटरच्या लॉगिनचा पासवर्ड हे तिन्ही मी एकच ठेवले होते. म्हणजे त्या चिठ्ठीवर मी एका दाराची नव्हे, तर तीन दारांची किल्ली लिहून दिली होती.

वायफायचा पासवर्ड देणे म्हणजे घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत वाट देणे आहे का? शेजाऱ्यांना अडीअडचणीला इंटरनेट देण्याची नीट पद्धत कोणती? आणि ज्या मुलीने एवढ्या प्रामाणिकपणे ही गोष्ट सांगितली, तिला अविश्वास वाटू न देता हे सारे पूर्ववत कसे करावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तळटीप

सगळ्यात आधी त्या फोल्डरचे शेअरिंग आत्ताच बंद करा. पुढचे वाचन नंतर केले तरी चालेल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाविषयी. घरातला राउटर दोन कामे करतो, पण आपल्या डोळ्यांसमोर त्यांतले एकच असते. पहिले काम म्हणजे घरातली उपकरणे इंटरनेटला जोडणे. दुसरे म्हणजे घरातली उपकरणे एकमेकांना जोडणे, आणि फोनवरून प्रिंटरला छपाईचा आदेश जातो तो या दुसऱ्या कामामुळेच. वायफायचा पासवर्ड मिळालेली व्यक्ती इंटरनेटपर्यंत तर पोहोचतेच, शिवाय ती घराच्या सामाईक व्हरांड्यातही उभी राहते. त्या व्हरांड्यात कॉम्प्युटर, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा अशा सगळ्यांची दारे उघडतात.

मात्र व्हरांड्यात आलेला माणूस आपोआप खोलीत शिरत नाही, कारण प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःचे दार असते. विंडोजमध्ये नेटवर्कला 'पब्लिक' असे ठरवले असेल, तर कॉम्प्युटर इतरांना आपले अस्तित्व दाखवत नाही. 'प्रायव्हेट' ठरवले असेल, तर त्या नेटवर्कवरची माणसे घरातलीच आहेत असे गृहीत धरले जाते. तुमचे नेटवर्क 'प्रायव्हेट' होते, फोल्डर सर्वांसाठी खुला होता आणि पासवर्डची विचारणा बंद होती. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ते पिवळे चित्र वरच्या मजल्यावर दिसले. यांतली एकही जागच्या जागी असती, तर चिठ्ठी देऊनही हे घडले नसते.

काजवा

तांत्रिक उत्तरे येतीलच. मला एवढेच म्हणायचे आहे की त्या मुलीने फोल्डर उघडला नाही आणि आपण होऊन येऊन सांगितले, ही फार मोलाची गोष्ट आहे. आपण जे काही बदल कराल ते तिला सांगून करावेत. अचानक पासवर्ड बदलला, तर तिला वाटेल की खरे बोलल्याची ही शिक्षा मिळाली.

रानवाट

काजवा यांच्या भावनेचा आदर आहे, पण माझे मत वेगळे आहे. घरचे इंटरनेट घराबाहेरच्या कोणालाही देऊ नये, मग तो माणूस कितीही चांगला असो.

घरातली सर्व उपकरणे बाहेरच्या जगाला सहसा एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. कोणी काही गैर पाठवले किंवा उतरवून घेतले, तर चौकशीचा माग जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येतो, आणि ते आपण केले नाही हे पटवून देण्याचे ओझेही त्याच्याच डोक्यावर बसते. अनेक सेवादात्यांच्या अटींमध्ये जोडणी दुसऱ्या घराला वापरू देण्यास मनाई असते, हेही लक्षात घ्यावे.

दुसरा धोका उपकरणांचा आहे. माणूस सज्जन असला म्हणून त्याचा लॅपटॉप निरोगी असतोच असे नाही. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला, तो विंडोजच्या फाइल शेअर करण्याच्या जुन्या पद्धतीतल्या दोषातून. त्या दोषावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, पण असंख्य कॉम्प्युटरवर तो चढवलेला नव्हता. एका कॉम्प्युटरला लागण झाली की तो त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळत असे, आणि त्यासाठी कोणाला काही उघडावे किंवा कशावर टिचकी मारावी लागत नव्हती.

मोरपीस

रानवाट यांचे मुद्दे खरे आहेत, पण दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेल्या मुलीला 'नाही' म्हणणे मला जमले नसते. सुदैवाने यावर चांगला मधला मार्ग आहे. आजच्या बहुतेक राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' नावाची सोय असते. तिचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा, आणि तिच्यावरच्या उपकरणांना इंटरनेट मिळते पण घरातली उपकरणे दिसत नाहीत. तळटीप यांच्या भाषेत सांगायचे, तर पाहुण्यांसाठी बाहेरून स्वतंत्र जिना बांधल्यासारखे आहे.

मी ती सोय सुरू केली एका विचित्र रात्रीनंतर. आमचा प्रिंटर मध्यरात्री आपोआप सुरू झाला आणि त्यातून कोणाच्या तरी प्रवासाच्या तिकिटाची चार पाने बाहेर आली. घरात त्या वेळी फक्त मी आणि आई होतो. त्या आवाजाने आई दचकून उठली. सकाळी कळले की समोरच्या घरी आलेल्या भाच्याकडे आमचा पासवर्ड होता आणि छापताना त्याने चुकून आमचा प्रिंटर निवडला होता. कोणाचाच हेतू वाईट नव्हता, पण ती पाने हातात घेताना मला जे वाटले ते मी विसरलेली नाही. त्या दिवसापासून पाहुण्यांना वेगळाच पासवर्ड दिला जातो, आणि पाहुणे गेले की तो बदलला जातो. घरातल्या एकाही उपकरणाला त्याचा पत्ता लागत नाही.

शून्यबिंदू

मोरपीस यांच्या सूचनेला पूर्ण पाठिंबा, मात्र एक पुरवणी जोडतो. गेस्ट नेटवर्क सुरू केले म्हणजे ते वेगळे झालेच, असे धरून चालू नका, स्वतः तपासा. काही राउटरमध्ये 'पाहुण्यांना स्थानिक नेटवर्क वापरू द्यावे' असा पर्याय असतो आणि तो सुरू राहिला तर वेगळेपणाला काही अर्थ उरत नाही. आपला फोन गेस्ट नेटवर्कला जोडा, राउटरच्या सेटिंगचे पान उघडते का पाहा, प्रिंटर सापडतो का पाहा. दोन्ही नाकारले गेले तर काम झाले.

ज्यांच्या राउटरमध्ये ही सोय नाही, ते बहुधा घरात पडून असलेला जुना राउटर मुख्य राउटरला तारेने जोडतात आणि तो पाहुण्यांना देतात. यात होणारी चूक मी अनेकदा पाहिली आहे आणि स्वतःही केली आहे. मागच्या, म्हणजे तारेने जोडलेल्या जुन्या, राउटरवरच्या उपकरणाचा प्रत्येक संदेश पुढच्या, म्हणजे मुख्य, राउटरच्या नेटवर्कमधूनच बाहेर जातो, त्यामुळे मागे बसवलेला पाहुणा पुढच्या नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरपर्यंत सहज पोहोचतो. उलट पुढच्या नेटवर्कवरून मागे मात्र सहसा जाता येत नाही. म्हणून दोन राउटर वापरायचेच असतील, तर पाहुण्यांना पुढचा द्यावा आणि घरच्या मंडळींनी मागच्यावर राहावे. वाचताना उलटे वाटते, पण दिवाणखाना पुढे आणि निजायची खोली आत असते, तसेच हे आहे.

ओंजळ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. फोल्डरचे शेअरिंग थांबवले आणि पासवर्डची विचारणा पुन्हा सुरू केली.

आता नवी अडचण उभी राहिली आहे. पत्नीला काही कागदपत्रे खरोखरच लागतात, म्हणून एक वेगळा फोल्डर तिच्यासाठी शेअर केला. तिच्या लॅपटॉपवर नाव व पासवर्डची चौकट येते. मी रोज कॉम्प्युटर सुरू करताना चार आकडी पिन वापरतो, तोच पिन तिथे टाकला, तर तो चुकीचा असल्याचा संदेश येतो. तीनदा काळजीपूर्वक टाकून पाहिला. माझ्या कॉम्प्युटरचा पिन माझाच कॉम्प्युटर का नाकारतो आहे?

जुनी खिडकी

आपला पिन बरोबर आहे, पण तो त्या चौकटीसाठी नाही. विंडोजचा पिन त्या एका यंत्रापुरता असतो, म्हणजे त्या यंत्रासमोर बसूनच तो वापरायचा असतो. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो. पिन चार आकडी असूनही चालतो याचे कारणही हेच आहे. तो कोणाला कळला तरी त्याला तुमच्या घरात येऊन त्या कॉम्प्युटरसमोर बसावे लागेल, शिवाय अनेकदा चुकल्यावर यंत्र थांबते.

याच्याच जोडीची दुसरी गोष्ट अशी की ज्या खात्याला पासवर्डच नाही, त्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत येऊ देत नाही. रिकाम्या पासवर्डचे खाते फक्त समोर बसून वापरता येते. अनेकांना हा दोष वाटतो आणि ते चिडून विचारणाच बंद करतात. आपल्याकडून तीन वर्षांपूर्वी बहुधा हेच झाले असावे.

माझी पद्धत सांगतो. कॉम्प्युटरवर केवळ शेअरिंगसाठी एक वेगळे साधे खाते तयार करा, व्यवस्थापकाचे अधिकार नसलेले. त्याला स्वतंत्र पासवर्ड द्या आणि शेअर केलेल्या फोल्डरची परवानगी 'सर्वांना' न देता फक्त त्या खात्याला द्या. नुसते वाचायचे असेल तर वाचण्याचीच द्या. एक बारकावा ध्यानात ठेवा. परवानगी दोन ठिकाणी असते, एक शेअरिंगची आणि एक फोल्डरच्या सुरक्षेची, आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल ती लागू होते. पत्नीला फोल्डर दिसला पण उघडला नाही, तर दुसऱ्या ठिकाणची परवानगी राहून गेली आहे असे समजावे. तिच्या लॅपटॉपवर ते नाव आणि पासवर्ड एकदा टाकून 'लक्षात ठेवा' निवडले की रोजचा त्रास संपतो.

प्रश्नचिन्ह

धागा वाचून माझ्याही पोटात गोळा आला, कारण मीही सगळीकडे एकच पासवर्ड वापरते. पण मला एक शंका खरोखरच आहे. तो पासवर्ड अवघड असेल आणि मी तो कोणालाही सांगत नसेन, तर तीन ठिकाणी तीन वेगळे कशासाठी? विसरले तर माझेच दार मला बंद होईल, ही भीती मला चोराच्या भीतीपेक्षा मोठी वाटते.

तळटीप

प्रश्नचिन्ह, तुमची भीती योग्य आहे आणि तिच्यावर उपायही आहे, त्याबद्दल इतर कोणी लिहील. 'वेगळे कशासाठी' याचे उत्तर मी देतो.

वायफायचा पासवर्ड हा मुळात देण्यासाठीच असतो. घरात येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये तो साठतो. ज्याच्या फोनमध्ये तो आहे, त्याला बहुतेक नव्या फोनवर तो चौकोनी कोडच्या रूपात दुसऱ्याला दाखवता येतो. तुमच्या घरी आलेल्या पाहुण्याने तो पुढे कोणाला दिला हे तुम्हाला कधीच कळत नाही. साठवलेला वायफाय पासवर्ड विंडोज कॉम्प्युटरवरही स्पष्ट अक्षरांत पाहता येतो. याउलट लॉगिनचा पासवर्ड हा न देण्यासाठी असतो. देण्याची वस्तू आणि न देण्याची वस्तू एकच कशी ठेवता येईल? 'मी तो कोणालाही सांगत नाही' हे वायफायच्या बाबतीत कोणालाच म्हणता येत नाही.

दुसरे कारण थोडे खोलातले आहे. आज बहुतेक घरांत वायफाय सुरक्षित ठेवण्याची डब्ल्यूपीए-2 ही 2004 सालची पद्धत चालू असते. तिच्यात पासवर्ड 8 ते 63 अक्षरांचा असतो, आणि तो व नेटवर्कचे नाव एकत्र करून त्यावर 4,096 वेळा गणिती प्रक्रिया होऊन खरी किल्ली तयार होते. एखादा फोन वायफायला जोडला जाताना जो संवाद होतो, तो जवळपास बसलेल्या कोणालाही टिपता येतो. मग तो माणूस निघून जातो आणि आपल्या घरी बसून, तुमच्या राउटरला काहीही कळू न देता, एकेक पासवर्ड अंदाजाने पडताळत राहतो. त्या 4,096 फेऱ्या त्याचा वेग कमी करतात, पण सोपा पासवर्ड त्यामुळे वाचत नाही. तो सापडला आणि तोच तुमच्या लॉगिनचा असला, तर पुढे काय होईल ते सांगायला नको. 2018 साली आलेल्या डब्ल्यूपीए-3 मध्ये असे घरी बसून पडताळणे शक्य राहू नये अशी रचना केली आहे. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते. आपल्या राउटरमध्ये तो पर्याय असेल आणि उपकरणे साथ देत असतील, तर जरूर निवडावा.

आणि 1997 पासूनची डब्ल्यूईपी ही पद्धत कोणाकडे अजून चालू असेल, तर तो राउटर आजच बदलावा. तिच्यातली उणीव 2001 सालीच उघड झाली होती.

रानवाट

राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड या चर्चेत मागे पडतो आहे, म्हणून लिहितो. बहुसंख्य लोक वायफायचा पासवर्ड बदलतात आणि राउटरच्या आतल्या पानाचा मात्र कारखान्यातून आलेला तसाच ठेवतात. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच्याकडे फार मोठी युक्ती नव्हती. कारखान्यात दिलेल्या नावांच्या व पासवर्डांच्या साठेक जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे आणि तेवढे पुरत असे. राउटर ज्याच्या हाती गेला, तो घरातल्या सगळ्यांना इंटरनेटवर भलत्याच पत्त्यावर नेऊ शकतो. बाहेरून राउटर चालवण्याची सोय सेटिंगमध्ये असेल, तर तीही बंद ठेवा.

आमच्या कार्यालयात दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावाच लागतो. घरीही तसाच नियम करावा असे मला वाटते.

शून्यबिंदू

राउटरबाबत पूर्ण सहमत, तीन महिन्यांच्या नियमाबाबत मात्र नाही. ठराविक मुदतीने बदलण्याचा आणि त्यात आकडे व चिन्हे कोंबण्याचा आग्रह ज्या मार्गदर्शिकेमुळे सर्वत्र रूढ झाला, ती मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या 'निस्ट' या सरकारी संस्थेची होती आणि तिथल्या बिल बर यांनी ती 2003 च्या सुमारास लिहिली होती. त्यांनीच 2017 मध्ये तिच्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टच्या नव्या मार्गदर्शिकेने मुदतीने सक्तीचा बदल नको, पासवर्ड फुटल्याचे दिसले तर मात्र बदलायला लावा, असे सांगितले. कारण साधे आहे. सक्ती झाली की माणूस शेवटचा 1 काढून 2 करतो, आणि हे पासवर्ड फोडणाऱ्यालाही ठाऊक असते.

म्हणून बदल कारणाने करावा. ओंजळ यांच्याकडे आज कारण आहे, तिन्ही बदलावेत. पुढच्या तीन महिन्यांनी कारण नसेल, तर तसेच राहू द्यावेत.

शब्दवेल

प्रश्नचिन्ह यांच्या विसरण्याच्या भीतीसाठी लिहिते. अवघड अक्षरांचा छोटा पासवर्ड लक्षात राहत नाही आणि तो फारसा बळकटही नसतो. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ओळीने घ्यावेत. आठ लहान रोमन अक्षरांच्या सुमारे 20,882 कोटी जुळण्या होतात, आणि कॉम्प्युटरला तेवढे पडताळणे आज अवघड राहिलेले नाही. 7,776 शब्दांच्या यादीतून फासे टाकून चार शब्द निवडले, तर त्याच्या साडेसतरा हजार पट जुळण्या होतात. यादीत एवढेच शब्द का, तर पाच वेळा फासा टाकला की बरोबर 7,776 शक्यता मिळतात. वायफायचा पासवर्ड घरी बसून पडताळता येतो असे तळटीप यांनी सांगितलेच आहे, म्हणून तिथे मी पाच किंवा सहा शब्द घेते.

शब्द मात्र खरोखर फाशाने किंवा डोळे मिटून शब्दकोशातून काढावेत. म्हण, ओवी, आवडत्या गाण्याची ओळ घेऊ नये, कारण ज्या ओळी आपल्याला पाठ आहेत त्या इतरांनाही पाठ आहेत. मुलांची नावे आणि जन्मसाल तर नकोच.

मराठी शब्द घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी अनुभवाने सांगते. डब्ल्यूपीए-2 चा पासवर्ड देवनागरीत ठेवता येत नाही, त्यात रोमन अक्षरे, आकडे आणि नेहमीची चिन्हेच चालतात. म्हणून मराठी शब्द रोमन लिपीत लिहावा लागतो आणि तिथे घोटाळा होतो. 'ज्ञ', 'ळ', 'क्ष' किंवा शब्दाच्या सुरुवातीचा 'व' असलेले शब्द प्रत्येक जण वेगळ्या अक्षरांत लिहितो; आमच्याकडे 'वावटळ' या एका शब्दापायी पाहुणे दहा मिनिटे फोन हातात धरून बसले होते. ज्यांचे एकच रूप होते असे शब्द निवडा, जसे 'तबक', 'मका', 'डोके'.

नेटवर्कचे नाव देवनागरीत ठेवता येते, पण त्यासाठी 32 बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. मात्रा आणि अनुस्वारही वेगळे मोजले जातात, त्यामुळे दहा चिन्हांत नाव बसवावे लागते. त्या नावात आडनाव किंवा घराचा क्रमांक घालू नये, एवढे मात्र सांगेन.

जुनी खिडकी

कितीही शब्द घेतले तरी राउटरवरची डब्ल्यूपीएसची, म्हणजे वायफायचा पासवर्ड न टाकता उपकरण जोडण्याची, आकडी पिनची सोय चालू असेल, तर उपयोग नाही. तो पिन आठ आकडी दिसतो, पण शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासतो. म्हणून जास्तीत जास्त 11,000 प्रयत्नांत तो सापडतो. स्टेफान फीबॉक यांनी डिसेंबर 2011 मध्ये हे दाखवून दिले. सेटिंगमध्ये ती सोय शोधून बंद करा.

नेटवर्कचे नाव लपवण्यात आणि ठराविक उपकरणांनाच आत घेण्यासाठी त्यांच्या पत्त्यांची यादी करण्यात वेळ घालवू नका. लपवलेले नाव हवेतल्या संदेशांत सापडते आणि उपकरणाचा पत्ता नक्कल करता येतो.

काजवा

लॉगिनच्या पासवर्डबद्दल माझा एक गैरसमज फार महागात पडला, तो लिहितो. प्रवासात माझी लॅपटॉपची पिशवी हरवली. पासवर्ड चांगला बळकट होता, म्हणून मी निश्चिंत होतो. मग एका मित्राने आपल्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर दाखवले. पेनड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली सुरू केली, आणि पासवर्ड एकदाही न विचारता सगळे फोटो, सगळी पत्रे दिसू लागली. मी ते पाहत उभा होतो आणि माझ्या हरवलेल्या लॅपटॉपमधले एकेक फोल्डर मला आठवत होते.

लॉगिनचा पासवर्ड विंडोजचे दार राखतो, डिस्क राखत नाही. डिस्क राखायची असेल तर ती कूटबद्ध करावी लागते. विंडोजमध्ये बिटलॉकर, मॅकमध्ये फाइलव्हॉल्ट. बिटलॉकरची परतीची किल्ली 48 आकडी असते. ती कागदावर छापून लॅपटॉपपासून दूर ठेवावी, नाहीतर यंत्र बिघडले त्या दिवशी आपणच बाहेर राहतो.

मोरपीस

कागदाचा विषय निघालाच आहे, तर विचारते. माझी आई सगळे पासवर्ड एका वहीत लिहून कपाटात ठेवते. मी तिला अनेकदा अडवले. ते चूक आहे का?

रानवाट

चूकच आहे. लिहिलेला पासवर्ड हा पासवर्ड राहत नाही.

शब्दवेल

रानवाट, मला हे मान्य नाही. दूर देशातून पासवर्ड पडताळणारा प्रोग्राम आईच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. घरातल्या चोरीपेक्षा एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि वही नसेल तर आई नेमके तेच करील. वही कपाटात असू द्यावी, राउटरच्या खाली किंवा पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी मात्र नको. ज्यांना जमेल त्यांनी पासवर्ड सांभाळणारे ॲप वापरावे, मग एकच मोठा पासवर्ड लक्षात ठेवावा लागतो. आई अचानक आजारी पडली, तर विजेचे बिल कुठे आणि कसे भरायचे हे तुम्हाला त्या वहीमुळेच कळेल, हेही मनात असू द्या.

रानवाट

आजारपणाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तो मला पटला. बँकेच्या खात्याचा पासवर्ड तेवढा वहीत पूर्ण न लिहिता शेवटचा एक शब्द वगळून लिहावा आणि तो शब्द घरातल्या एकाला सांगून ठेवावा, असे सुचवतो.

प्रश्नचिन्ह

वही कपाटात ठेवायची, हे मला जमेल. आज रात्री तीन वेगळे पासवर्ड करते.

ओंजळ

सगळे प्रतिसाद छापून घेऊन शनिवारी कामाला बसलो, त्याचा वृत्तान्त देणे माझे कर्तव्य आहे.

राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. आमच्या घरात नऊ उपकरणे आहेत आणि यादीत एकोणीस नावे होती. पत्नी आणि मी एकेक नाव ओळखत बसलो. मेहुण्याचा जुना फोन, दोन वर्षांपूर्वी रंगकाम करायला आलेल्या माणसाचा फोन, मुलाच्या मित्राचा टॅबलेट असे पुष्कळ निघाले. चार नावे अखेरपर्यंत ओळखता आली नाहीत. शून्यबिंदू यांना फोन करून विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की नवे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा पत्ता तयार करतात, त्यामुळे अशी नावे आपल्याच घरातली असू शकतात. तरीही पासवर्ड बदलल्याने सगळेच बाहेर गेले आणि नंतर फक्त आपलीच उपकरणे एकेक करून आत घेतली.

तिन्ही पासवर्ड आता वेगळे आहेत. वायफायसाठी पाच शब्द घेतले. डब्ल्यूपीएस बंद केले. जुनी खिडकी यांनी सांगितलेले साधे खाते तयार केले. पत्नीला फोल्डर दिसला पण उघडला नाही, आणि कारण त्यांनी म्हटले होते तेच निघाले.

पासवर्ड बदलण्याआधी मी वर जाऊन आलो. त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना समोर बसवून आमच्या कॉम्प्युटरवर काय उघडे राहिले होते ते सांगितले, चूक माझी होती हेही सांगितले, आणि गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड नव्या चिठ्ठीवर लिहून दिला. ती म्हणाली, "मग आमच्या घरातही हे तपासायला हवे." तिच्या लॅपटॉपवर पाहिले, तर तिच्या प्रकल्पाचा फोल्डर सर्वांसाठी खुला होता. तो तिने माझ्यासमोरच बंद केला.

एकच काम अडले आहे. आमचा प्रिंटर डब्ल्यूपीएसच्या बटणाने जोडलेला होता. आता तो नेटवर्कवर येत नाही.

जुनी खिडकी

प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर वायरलेस सेटअप उघडा, आपल्या घरच्या नेटवर्कचे नाव निवडा आणि बाणांच्या बटणांनी पासवर्डचे एकेक अक्षर टाका. पाच शब्द आहेत, वेळ लागेल. एकदाच करावे लागते.

ओंजळ

वीस मिनिटे लागली, पण प्रिंटर जोडला गेला. गेस्ट नेटवर्कवरून तो वरच्या मुलीला दिसत नाही, म्हणून तिने पुढच्या परीक्षेचे प्रवेशपत्र मला ईमेलने पाठवले. नव्या जोडणीवर छापलेले पहिले पान तेच होते.